मस्क्युलर डिस्ट्रॉफीतील प्रथिन-विघटन

मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारांच्या गटात स्नायू हळूहळू झिजत व दुबळे होत जातात. या झिजेत स्नायूतील प्रथिने मोडण्याच्या मार्गांचा मोठा वाटा असतो. मात्र जुनी, बिघडलेली प्रथिने मोडून काढणे ही निरोगी स्नायूचीही गरज आहे. काही प्रकारांत विघटन वाढल्याने नुकसान होते, तर काहींत ते अपुरे पडल्याने.

ड्यूशेन प्रकारात एक्स गुणसूत्रावरील जनुकाच्या दोषामुळे डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही. त्याच्या आधाराअभावी आकुंचनाच्या ताणाने पेशीपटल फाटते, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि कॅल्शियमवर चालणारी कॅल्पेन विकरे सक्रिय होऊन स्नायुतंतुकांची, म्हणजे आकुंचन घडवणाऱ्या प्रथिन-धाग्यांची, बांधणी सैल करतात. पुढचे विघटन यावरच अवलंबून असते, कारण प्रोटिअसोम ही पेशीतील मुख्य विघटनयंत्रणा अखंड तंतुक पचवू शकत नाही. त्यातून सुटी झालेली प्रथिनेच तिच्यात जातात. त्याआधी त्यांना युबिक्विटिन या 76 अमिनो आम्लांच्या प्रथिनाची खूण जोडली जाते. स्नायूत ही खूण जोडणारी अ‍ॅट्रोजिन-1 आणि मर्फ-1 ही विकरे झिजेशी निगडित असल्याचे 2001 मध्ये दिसून आले.

ऑटोफॅजी या मार्गात निकामी मायटोकाँड्रिया आणि प्रथिनांचे गोळे पटलात गुंडाळून लायसोसोमकडे पाचनासाठी पाठवले जातात. कोलॅजन-6 या पेशींबाहेरील आधार-प्रथिनाच्या दोषाने होणाऱ्या डिस्ट्रॉफीत नेमका हाच मार्ग मंदावतो. असा दोष असलेल्या उंदरांत ऑटोफॅजी पुन्हा चालू केल्यावर स्नायूंची स्थिती सुधारल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. खांदे आणि कंबरेभोवतीच्या स्नायूंना ग्रासणाऱ्या लिंब-गर्डल गटातील एका प्रकाराचे मूळ कॅल्पेन-3 च्या जनुकातील दोषात आहे, तर दुसऱ्याचे ट्रिम-32 या युबिक्विटिन जोडणाऱ्या विकराच्या. म्हणजे मोडतोड करणारे विकरच बिघडले, तरी स्नायू खंगतो. म्हणून विघटन सरसकट रोखणारे औषध सर्व रुग्णांना लागू पडेल, ही अपेक्षा चुकीची ठरते.

ड्यूशेनच्या उपचारात प्रेडनिसोलोन आणि डिफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइड्स दिली जातात. एरवी स्टेरॉइड्सच अ‍ॅट्रोजिन-1 आणि मर्फ-1 वाढवून स्नायू झिजवतात. तरीही ती घेणाऱ्या मुलांची चालण्याची क्षमता अधिक काळ टिकते. स्नायूतील दाह कमी होणे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.