न्यायाधीश वाढवण्याच्या मागणीची पार्श्वभूमी

वडिलांनी दाखल केलेला वाटपाचा दावा वारस म्हणून नाव लावून मुलांनी पुढे चालवावा, हे सातारा जिल्ह्यातील पक्षकारांना नवे नाही. अशा दिरंगाईचे खापर बहुधा वकिलांच्या तारखा मागण्यावर फोडले जाते. त्यात तथ्य आहेच. परंतु न्यायाधीशांची संख्याच मुळात अपुरी आहे, हे सरकारदरबारी 1987 पासून नोंदलेले आहे.

त्या वर्षी केंद्र सरकारला कायदेविषयक सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने आपल्या 120व्या अहवालात देशात दर दहा लाख लोकसंख्येमागे केवळ 10.5 न्यायाधीश असल्याचे दाखवून दिले आणि पाच वर्षांत हे प्रमाण 50 वर, तर 2000 सालापर्यंत 107 वर, म्हणजे अमेरिकेत 1981 साली असलेल्या प्रमाणाइतके, न्यावे अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. 2002 मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 50 चे प्रमाण टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत गाठण्याचा आदेश दिला, तरीही अलीकडे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेला आकडा 21 च्या आसपासच आहे. शिवाय हा आकडा मंजूर पदांवरून काढलेला असतो. रिक्त पदे वजा केली की प्रत्यक्ष प्रमाण आणखी खाली येते.

सर्वोच्च न्यायालयाचे संख्याबळ मात्र संसदेने वेळोवेळी कायदा करून 1950 मधील 8 वरून 2019 पर्यंत 34 वर नेले. तालुका न्यायालयांचा खर्च मुख्यत्वे राज्याच्या तिजोरीतून होतो, आणि एका न्यायाधीशाच्या पदासोबत दालन, लघुलेखक, शिरस्तेदार, बेलिफ व निवासस्थान यांचीही तरतूद करावी लागते. अकराव्या वित्त आयोगाच्या 502.90 कोटी रुपयांच्या निधीतून देशभरात 1,734 जलदगती न्यायालये योजली गेली, पण ती तात्पुरत्या तत्त्वावर होती आणि 31 मार्च 2011 नंतर केंद्राने त्यांचे अनुदान थांबवले. कायमची पदे निर्माण करण्याऐवजी मुदतीची न्यायालये उभारण्याचा हा मार्ग माझ्या मते चुकीचा होता, कारण मुदत संपली तरी खटले संपत नाहीत.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सातारा-सांगलीच्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली, ही या भागातील अनेक दशकांच्या लढ्याची मोठी कमाई आहे. तेथे बसणारे न्यायमूर्ती मात्र उच्च न्यायालयाच्या मंजूर 94 पदांतूनच येतात. अंतर कमी झाले, संख्या वाढली नाही. आणि पाटण किंवा दहिवडीच्या न्यायालयातील न्यायाधीशाची बदली होऊन ती जागा रिकामी राहिली, तर तेथील कामाचा कार्यभार शेजारच्या, आधीच भरलेल्या बोर्डावर, म्हणजे तेथील न्यायाधीशाच्या रोजच्या खटल्यांच्या यादीवर, जातो.

2014 च्या 245व्या अहवालात विधी आयोगाने लोकसंख्येचा निकष बाजूला ठेवून दाखल होणारी प्रकरणे व निकालाचा वेग यांवरून पदे ठरवण्याची पद्धत सुचवली, जी तालुक्यागणिक लावता येण्याजोगी आहे.