तरंगलांबी : मोजमाप आधी, लाट नंतर

पावसाळ्यात ठाणे स्थानकाबाहेर साचलेल्या पाण्यावर रिक्षांमधून गळलेले तेल पसरले की जांभळट, हिरवी, तांबूस वलये दिसतात. तेलाला स्वतःचे हे रंग नसतात. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश, तवंगाच्या जाडीनुसार, काही रंगांना उठाव देतो आणि काहींना पुसून टाकतो.

याच जातीची वलये आयझॅक न्यूटनने सतराव्या शतकात भिंग आणि काच यांच्यामधल्या हवेच्या थरात पाहिली, आणि पहिल्या काळ्या वलयापाशी त्या थराची जाडी इंचाचा ८९,००० वा भाग असल्याचे काढले. पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे लाटेच्या दोन लगतच्या माथ्यांमधल्या अंतराच्या, ही जाडी जवळपास निम्मी आहे. मात्र प्रकाश म्हणजे कणांचा प्रवाह, या मताकडे न्यूटनचा कल होता, त्यामुळे हाती आलेल्या आकड्यात त्याला लाट दिसली नाही.

मासुंदा तलावात खडा टाकला तर एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतची ही तरंगलांबी काठावरून नजरेने जोखता येते. प्रकाशाच्या बाबतीत ही सोय नाही. म्हणूनच प्रकाशाला लाट मानणाऱ्या थॉमस यंगने १८०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे व्याख्यान देताना नवे मोजमाप करण्याऐवजी न्यूटनचेच आकडे लाटांच्या हिशेबाने पुन्हा मांडले. तांबड्या टोकाची तरंगलांबी इंचाचा सुमारे ३७,६०० वा भाग आणि जांभळ्या टोकाची सुमारे ५९,७५० वा भाग निघाली; आजच्या मापात अनुक्रमे ६७५ आणि ४२५ नॅनोमीटर. प्रतिपक्षाच्याच वहीतून काढलेला हा पुरावा मला त्याच्या सर्व प्रयोगांहून धारदार वाटतो.

पुढे फ्राउनहोफरने बारीक तारांच्या जाळीने सूर्यप्रकाशातील काळ्या रेषांच्या तरंगलांबी मोजल्या, तर ऑंगस्ट्रॉमने १८६८ मध्ये त्यांचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला.

हाइनरिक हर्ट्झची अडचण नेमकी उलटी होती. १८८८ मध्ये कार्ल्सरूहच्या व्याख्यानगृहात त्याने जस्ताच्या पत्र्यावरून विद्युतचुंबकीय लाटा (प्रकाशाच्याच जातीच्या, पण कितीतरी लांब) परतवल्या आणि लाटा टिपणाऱ्या तारेच्या कड्यात ठिणगी कुठे जोरात पडते, कुठे विझते, हे पाहत निष्पंद बिंदूंमधले, म्हणजे ठिणगी विझते त्या जागांमधले, अंतर मोजले. दोन लगतच्या निष्पंदांमधले अंतर तरंगलांबीच्या निम्मे असते, आणि इथे लाट काही मीटर लांब असल्याने खोलीच अपुरी पडत होती.

१९६० मध्ये तर मीटरच क्रिप्टॉन-८६ या वायूच्या नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबींइतका ठरवण्यात आला. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर बेतलेली आहे, आणि तरंगलांबी पुन्हा मीटरमध्ये मोजायची राशी झाली आहे.