सोन्याचे बारसे

जुनी पाटली मोडीत काढायला कोणी सराफाकडे गेले, तर सराफ ती आधी काळ्या कसोटीच्या दगडावर घासतो. दगडावर उमटलेल्या रेघेवर तो आम्लाचा थेंब सोडतो आणि रेघ टिकते की विरते ते पाहतो. कित्येक पेढ्यांत आता हे काम एक्स-रे यंत्र करते. पाटली त्याच्या खिडकीवर ठेवली की मिनिटाभरात पडद्यावर सोन्याचे, चांदीचे आणि तांब्याचे टक्के दिसतात. पिवळेपणा आणि चकाकी डोळ्यांना आधीच दिसत असतात, मग सराफ नेमके काय शोधत असतो? दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे त्याला ठाऊक असते. लोहमाक्षिक, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, सोन्यासारखेच चमकते, पण पांढऱ्या खरबरीत फरशीवर घासले तर हिरवट काळी रेघ सोडते. ते पाण्याच्या पाचपट जड असते, तर सोने एकोणीसपटीहून अधिक. सराफाचा हा साधा व्यवहार विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञानात एका मोठ्या वादाचा विषय झाला, आणि त्या वादाला वळण देणाऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञाचे नाव होते सॉल क्रिपके.

त्याच्याआधीचे मत असे होते. ‘सोने’ हा शब्द कळणे म्हणजे पिवळा, जड, न गंजणारा, ठोकून पत्रा करता येणारा धातू अशी वर्णनाची एक यादी मनात असणे, आणि ज्या वस्तूला ती यादी लागू पडेल ती वस्तू म्हणजे सोने. ‘सोने हा पिवळा धातू आहे’ हे कळायला सोन्याच्या कल्पनेपलीकडे कोणताही अनुभव लागत नाही, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1783 मध्ये लिहिले होते. पुढे गॉटलोब फ्रेगे आणि बर्ट्रंड रसेल यांनी विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाचा पाया घातला, तेव्हा व्यक्तींच्या नावांनाही हाच न्याय लागू झाला. नाव म्हणजे वर्णनाची पुरचुंडी. ती सोडली की आत ‘अमुक करणारा, तमुक लिहिणारा’ असा मजकूर निघतो, असे ते मत थोडक्यात सांगता येईल.

क्रिपकेचा जन्म 1940 चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील रब्बी होते आणि तो वाढला अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात. शक्यता आणि अनिवार्यता यांच्या तर्कशास्त्रावरचा त्याचा निबंध 1959 मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. हार्वर्डमधून त्याने गणिताची पदवी घेतली आणि डॉक्टरेटच्या वाटेला तो गेलाच नाही. जानेवारी 1970 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने प्रिन्स्टन विद्यापीठात हातात टिपणाचा कागदही न घेता तीन व्याख्याने दिली. ध्वनिफितीवरून उतरवलेली ती व्याख्याने 1972 मध्ये एका संग्रहात आणि 1980 मध्ये ‘नेमिंग अँड नेसेसिटी’ या नावाने स्वतंत्र पुस्तकरूपात आली. बोललेले जवळजवळ जसेच्या तसे छापलेले असल्यामुळे त्या पुस्तकाचा सूर गप्पांचा आहे, आणि इतक्या अवघड विषयावरचे इतके वाचनीय पुस्तक तत्त्वज्ञानात क्वचितच सापडते.

वर्णनाच्या पुरचुंडीवर त्याने घेतलेला आक्षेप आपल्याकडच्या उदाहरणाने पटकन कळतो. ‘आर्यभट कोण?’ असे शाळेत विचारले, तर ‘शून्याचा शोध लावणारा’ हे उत्तर हमखास येते, आणि पुष्कळांना त्याच्याबद्दल एवढेच ठाऊक असते. वास्तविक 499 सालच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात संख्या अक्षरांनी लिहिलेल्या आहेत, शून्याचे चिन्ह नाही. शून्यासह बेरीज-वजाबाकीचे नियम स्पष्टपणे मांडलेले आढळतात ते ब्रह्मगुप्ताच्या 628 सालच्या ग्रंथात. आता नावाचा अर्थ म्हणजे मनातले वर्णन असेल, तर ते उत्तर देणारा विद्यार्थी ‘आर्यभट’ म्हणताना नकळत दुसऱ्याच कोणाबद्दल, ज्याने कोणी शून्य शोधले असेल त्याच्याबद्दल, बोलत असला पाहिजे. म्हणजे त्याचे उत्तर चुकूच शकणार नाही! पण आपण तसे समजत नाही. तो आर्यभटाबद्दलच बोलतो आहे आणि आर्यभटाबद्दल चुकीचे बोलतो आहे, असेच आपण म्हणतो. वर्णन चुकले तरी नाव नेमक्या माणसावरच जाऊन पोचते.

ते कसे पोचते, याचे क्रिपकेने दिलेले उत्तर मराठी घरात वाढलेल्याला परके वाटणार नाही. तो म्हणतो, आरंभी केव्हातरी नामकरण होते, आणि मग ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते. बारशाला आत्या पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, तेव्हा त्या बाळाचे कसलेही वर्णन उपलब्ध नसते. ते पुढे कोण होणार, कसे दिसणार, हे कोणालाच माहीत नसते. तरीही नाव पक्के त्या पाळण्यातल्या जिवालाच लागते. पुढे ते शेजारी, शाळेत, कचेरीत, कदाचित इतिहासाच्या पुस्तकात पोचते, आणि शेवटच्या माणसाला त्या व्यक्तीची काही माहिती असो वा नसो, कानोकानी आलेल्या या साखळीमुळे त्याचा शब्द मूळ व्यक्तीशी जोडलेला राहतो. या विचाराचे सारे श्रेय क्रिपकेला देणे मात्र अन्यायाचे होईल. नावे ही वर्णने नसून नुसत्या खुणेच्या चिठ्ठ्या आहेत, ही कल्पना अमेरिकन तत्त्वज्ञ रूथ बार्कन मार्कस यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभीच मांडली होती.

आर्यभट गणिताकडे वळलाच नसता आणि आयुष्यभर शेती करत राहिला असता, तर? हा प्रश्न आपल्याला कळतो, आणि त्या कल्पित परिस्थितीतही आपण त्याच माणसाबद्दल बोलत असतो. जे शब्द अशा प्रत्येक कल्पित परिस्थितीत त्याच एका व्यक्तीला किंवा वस्तूला धरून राहतात, त्यांना क्रिपकेने दिलेल्या संज्ञेचा अर्थ ‘अढळ निर्देशक’ असा करता येईल. खरा धक्का पुढे आहे, कारण त्याच्या मते ‘सोने’, ‘पाणी’, ‘वाघ’, ‘उष्णता’ हे शब्दही अशाच जातीचे आहेत.

माणसाने हजारो वर्षांपूर्वी नदीच्या वाळूत काही पिवळे कण वेचले आणि त्या पदार्थाला नाव दिले. सोन्याचे ते बारसेच म्हणायचे. नाव पिवळेपणाला दिलेले नव्हते, पिवळेपणा ही फक्त ओळखण्याची सोय होती. नाव दिले होते त्या पदार्थाला, त्याच्या आत जे काही असेल त्यासकट. आत काय आहे, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने 1913-14 मध्ये मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले आणि दाखवले, की या किरणांच्या वारंवारतेचे वर्गमूळ मूलद्रव्याच्या अणुक्रमांकाबरोबर पायरीपायरीने वाढते. सोन्याचा अणुक्रमांक 79, म्हणजे त्याच्या प्रत्येक अणुकेंद्रात 79 प्रोटॉन. सराफाच्या पेढीवरचे एक्स-रे यंत्र मोझलीच्याच तत्त्वावर चालते. पाटलीतले अणू आपापल्या अणुक्रमांकाप्रमाणे ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतात आणि यंत्र ते ओळखते.

क्रिपके म्हणतो, सोने पिवळे नाही असे निघू शकेल. समजा, आपल्या साऱ्यांच्या डोळ्यांना काही भ्रम होत होता आणि ते खरे निळेच आहे असे उद्या सिद्ध झाले, तर वर्तमानपत्रे ‘सोने अस्तित्वातच नाही’ असे छापणार नाहीत. ‘सोने निळे आहे’ असेच छापतील. उलट, 79 प्रोटॉन नसलेला पदार्थ कितीही पिवळा असला तरी कोणत्याही कल्पित जगात सोने नसेल. क्रिपकेच्या निधनानंतर उजेडात आलेली एक घटना मला याचा उत्तम पुरावा वाटते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांच्या अगदी शेजारून जातात, तेव्हा एखाद्या केंद्रातून तीन प्रोटॉन निसटतात. शिशाचे 82, वजा तीन, उरले 79. या मार्गाने 2015 ते 2018 या काळात सुमारे 8,600 कोटी अणुकेंद्रे तयार झाली, म्हणजे एकूण 29 पिकोग्रॅम वस्तुमान (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग), असा हिशेब 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. ही केंद्रे क्षणाच्या अत्यल्प भागात नष्ट झाली. त्यांना रंग नव्हता, चकाकी नव्हती, ठोकून पत्रा होण्याइतका वेळ तर नव्हताच. तरीही ‘शिशाचे सोने झाले’ असेच जगभर लिहिले गेले, आणि ते बरोबरच होते.

यातून निघणारा निष्कर्ष त्या काळी अनेकांना पचला नाही. कांटपासून असे मानले जाई, की जे अनिवार्यपणे खरे असते ते अनुभवाची वाट न पाहता, नुसत्या विचाराने कळले पाहिजे, जसे दोन आणि दोन चार. ‘सोन्याचा अणुक्रमांक 79 आहे’ हे सत्य मात्र प्रयोगशाळेत घाम गाळून मिळाले, आणि तरी ते अनिवार्य आहे, अन्यथा असणे शक्यच नाही, असे क्रिपके म्हणतो. ग्रीकांकडे संध्याकाळच्या तेजस्वी ताऱ्याला हेस्परस आणि पहाटेच्या ताऱ्याला फॉस्फरस अशी दोन नावे होती, आणि दोन्ही एकच ग्रह आहे हे निरीक्षणाने कळले. पण तो स्वतःपासून वेगळा असणे कधीच शक्य नव्हते. मराठी वाचकाला हे उदाहरण थोडे फिके वाटते, कारण आपण दोन्ही वेळच्या चांदणीला शुक्राचीच चांदणी म्हणतो, आणि तिचा पूर्वेस अस्त, पश्चिमेस उदय झाल्याची नोंद पंचांग निमूटपणे करत असते.

विज्ञानाच्या इतिहासाकडे या नजरेने पाहिले की काही गोष्टी उलगडतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिएने ‘ऑक्सिजन’ हे नाव ‘आम्ले निर्माण करणारा’ या अर्थाने बनवले. सर्व आम्लांत तो असतोच ही त्याची समजूत चूक ठरली, पण नाव कोलमडले नाही, कारण ते त्या वायूला आधीच चिकटले होते. अर्थात ज्याला ते चिकटावे असे समोर काही असावे लागते. युरेनसच्या कक्षेतील विचलनावरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने एका न पाहिलेल्या ग्रहाचे स्थान गणिताने वर्तवले, आणि 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. हीच युक्ती त्याने 1859 मध्ये बुधाच्या कक्षेत आढळणाऱ्या तफावतीसाठी वापरली. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ असणाऱ्या या ग्रहाला व्हल्कन म्हटले गेले आणि पुढची कित्येक वर्षे लोक तो शोधत राहिले. शतकात 43 विकलांची (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) ती तफावत आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताने 1915 मध्ये भरून काढली. व्हल्कनचे बारसे झाले होते, पाळणा रिकामा होता.

निसर्ग नेहमी इतका सरळ वागत नाही, हीही अडचण आहे. चीनमध्ये शतकानुशतके कोरला जाणारा जेड हा दगड मुळात नेफ्राइट. पुढे ब्रह्मदेशातून आलेला जेडाइट त्याच नावाखाली विकला जाऊ लागला. ही दोन सर्वस्वी भिन्न खनिजे आहेत, हे अलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने 1863 मध्ये दाखवले, तरी बाजारात आजही दोन्हींना जेडच म्हणतात. ‘पाणी’ हा शब्दही रसायनशास्त्राच्या सूत्रात पूर्ण मावत नाही. ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो त्या जड पाण्याला पाणी म्हणावे का, यावर दुमत होऊ शकते. अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनमने 1970 च्या दशकात हाच विचार पुढे नेताना एक समंजस भर घातली, की शब्दांच्या वापरातही श्रमविभागणी असते. गिऱ्हाइकाला सोने पारखता येत नाही, पण पारखणारा कोणीतरी समाजात आहे, एवढ्यावर त्याचा शब्द उभा राहतो.

क्रिपकेने व्याख्यानांच्या शेवटी हे हत्यार वेदनेवर चालवले, आणि मला हा भाग सर्वांत बेचैन करणारा वाटतो. उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल, हे अनिवार्य सत्य मानले, तरी ‘रेणू हलत असूनही उष्णता नसेल’ असे आपल्याला का वाटू शकते? कारण आपण उष्णता आणि तिचा स्पर्शाला होणारा भास यांची गल्लत करतो. भास बाजूला काढता येतो. आता ‘वेदना म्हणजे मज्जातंतूंचे उद्दीपन’ हे विधान घ्या. दात दुखतो आहे असे वाटणे आणि दात दुखणे यांत फट नाही. भास बाजूला काढला तर मागे वेदनाच उरत नाही. त्यामुळे सोन्याच्या बाबतीत जे चालले ते इथे चालत नाही, आणि मन म्हणजे मेंदूच असे म्हणणाऱ्यांनी या फरकाचा हिशेब द्यावा, असे त्याने सुचवले. क्रिपके 15 सप्टेंबर 2022 रोजी वारला; त्या हिशेबावरची भांडणे अजून चालू आहेत.