यमूचं बिऱ्हाड, सांगवीकरची खोली, जोशीची बिल्डिंग

मराठी कथा-कादंबरीतल्या कोवळ्या वयाच्या पात्रांना मोकळेपण कुठे सापडलं, हे शोधताना सुरुवात हरिभाऊ आपट्यांच्या यमूपासून करावी लागते. ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. संमतीवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा पुढच्याच वर्षी झाला आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढं रान पेटलं!

सासरच्या घरात यमूला स्वतःचा असा कोपरा नाही. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचीही चोरी. मग ती रघुनाथरावांबरोबर मुंबईला येते. मुलगी तीच, नवरा तोच, बदललं ते घर. इथली चूल तिची, दिवसाचा वेळ तिचा. ती वाचते, नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांशी मैत्री करते, आपलं मत बोलून दाखवते. मुलीच्या मोकळेपणाचं इतकं नेमकं चित्रण मराठीत त्याआधी झालं नव्हतं, असं मला वाटतं. म्हणूनच पुढचा भाग वाचवत नाही. नवरा जातो, मुंबईचं बिऱ्हाड मोडतं, यमू पुन्हा सासरच्या माणसांच्या हाती सापडते आणि शंकरमामंजी तिचं जबरदस्तीनं केशवपन करवतात. शिकलेलं ती विसरलेली नसते, पण ते वापरायला जागा उरलेली नसते.

1933 च्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये विभावरी शिरूरकरांच्या, म्हणजे मालतीबाई बेडेकरांच्या, मुली शिकल्या आहेत, नोकरी करू लागल्या आहेत. पगार हाती आला तरी राहायचं आईवडिलांच्याच घरात, आणि घुसमट तिथेच.

मुलग्यांची वाट वेगळी निघाली. खेड्यातल्या शेतकरी घरांतली मुलं कॉलेजसाठी पुण्याला येऊ लागली आणि होस्टेलची खोली कादंबरीत आली. नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (1963) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून, वडिलांच्या धाकातून सुटून तिथे येतो. होस्टेलच्या कारभारात पडतो, मित्रांवर उधळतो, कर्जात बुडतो. पैसे मात्र वडिलांचेच, म्हणजे सांगवीच्या घराची दोरी पुण्याच्या खोलीपर्यंत पोचलेलीच असते. शेवटी तो गावी परततो. त्याची धाकटी बहीण मनी त्या घरातच राहिलेली, तिथेच देवीच्या साथीत जाते. पांडुरंगचं पुणं वाचताना मला मनीचं ते घर सतत आठवत राहतं.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला. त्याच्या बुडाखाली सायकल आहे, आणि आईवडील रोज हटकायला जवळ नाहीत. त्याची धाडसं शक्य होतात ती या दोन गोष्टींमुळे. ती सायकल एखाद्या मुलीला मिळाली असती तर, हा प्रश्न त्या कथा वाचलेल्या कितीतरी मुलींना पडला असेल.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004 मध्ये आली, पण तिचा काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये जमतात. निमशहरी गावं तेव्हा वाढत होती, मोकळ्या जागांवर बांधकामं उभी राहत होती, आणि कुणी राहायला येईपर्यंत तिथे मोठ्यांची नजर नव्हती. शाळेतली शिस्त आणि देशातली शिस्त, दोन्हींच्या बाहेरची ती जागा. बोकिलांनी ती फार अचूक हेरली.

मुकुंदला आवडणाऱ्या, त्याच्या वर्गातल्या शिरोडकरला मात्र अशी बिल्डिंग नाही. ती दिसते ती वर्गात, रस्त्यात, घरी. नवऱ्यामुळे यमूला मुंबई मिळाली होती. वडिलांची बदली होते म्हणून शिरोडकरचं गाव सुटतं. दोघींनाही कुणी विचारलेलं नसतं.