कॅल्शियम नॉर्मल, पण कोणाच्या जिवावर?

रक्ततपासणीच्या कागदावर एकूण कॅल्शियम 9.3 मिलिग्रॅम, म्हणजे 8.5 ते 10.5 या नेहमीच्या मर्यादेत. आणि त्याखाली पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, 110 पिकोग्रॅम, म्हणजे 65 च्या आसपास असणाऱ्या वरच्या मर्यादेच्या बऱ्याच पुढे. असा रिपोर्ट हाती पडला की घरच्यांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक सांगतो, कॅल्शियम बरोबर आहे, सोडून द्या; दुसरा सांगतो, गळ्याचा स्कॅन करून गाठ शोधा. माझ्या मते दोन्ही सल्ले घाईचे आहेत, आणि खान्देशात तर विशेषच.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी, 30 ते 50 मिलिग्रॅम वजनाची. माणसातील या ग्रंथींचे सविस्तर वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केले. रक्तातील मोकळे, म्हणजे आयनरूप कॅल्शियम जरासे जरी घटले तरी या ग्रंथी लगेच पीटीएच सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम बाहेर काढते, मूत्रपिंडाला लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवायला लावते आणि ड जीवनसत्त्वाला त्याचे क्रियाशील रूप देऊन आतड्यातून अधिक कॅल्शियम शोषले जाईल अशी व्यवस्था करते. त्यामुळे रक्तातला आकडा नॉर्मल आहे, एवढ्यावरून शरीरात चणचण नाही असे ठरत नाही. आहारातून पुरेसे कॅल्शियम येत नसेल, किंवा ड जीवनसत्त्वाअभावी ते नीट शोषले जात नसेल, तर ग्रंथी जास्त राबून हाडांच्या साठ्यातून तूट भरून काढत राहतात आणि हा आकडा हाडांच्या जिवावर शाबूत राहतो. अशा वेळी ग्रंथी बिघडलेली नसते. ती तिचे कामच करीत असते. खरा आजार वेगळा: ग्रंथीत गाठ झाल्याने किंवा ती वाढल्याने गरज नसतानाही हार्मोन स्रवत राहते. नॉर्मल कॅल्शियमसह असणारा हा प्रकार तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत औपचारिकपणे मान्य झाला तो 2008 मध्ये.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो; अशा मुलखात ड जीवनसत्त्वाची कमतरता कशी असेल, असे कोणालाही वाटेल. पण हे जीवनसत्त्व तयार होते ते उघड्या त्वचेवर पडणाऱ्या अतिनील किरणांमुळे. उन्हाच्या तापाशी त्याचा संबंध नाही. कापूस वेचणाऱ्या बाईकडे जवळून पाहावे: साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्यावरून तोंडाला घट्ट बांधलेला रुमाल, उघडे राहतात ते डोळे आणि बोटे. पऱ्हाट्यांच्या ओरखड्यांपासून आणि उन्हापासून असा बचाव करणे भागच आहे, परंतु दिवसभर उन्हात राहूनही त्वचेला किरण फारसे मिळत नाहीत. त्यात ताटात ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, आमटी, मिरचीचा ठेचा आणि दूध फक्त चहापुरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. एवढ्या आहारातून ते मिळणे कठीण, आणि धान्य-कडधान्यांतील फायटेट नावाचे द्रव्य मिळालेल्यातलेही काही अडवून धरते. सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या नागलीत मात्र 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. ती आठवड्यातून काही दिवस भाकरीत आली तर फार बरे होईल, असे मला मनापासून वाटते.

मुतखड्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कडक उन्हाळा आणि कमी पाणी यांमुळे आपल्याकडे हा त्रास नवा नाही, आणि खडा निघाला की पहिल्यांदा दूध बंद होते. हे उलटे आहे. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे अन्नातल्या खडा बनवणाऱ्या द्रव्याला, बांधून ठेवते. ते कमी झाले की ऑक्झलेट जास्त शोषले जाऊन लघवीत उतरते आणि खडा होण्याची शक्यता वाढते, शिवाय तूट भरण्यासाठी पीटीएचही वाढते. काहींच्या बाबतीत मूत्रपिंडातूनच कॅल्शियम गळत असते, तेव्हाही ग्रंथी जास्त राबतात. आणि पॅराथायरॉइडच्या खऱ्या आजारातही मुतखडा होतोच. यातले नेमके काय आहे, हे कळण्यासाठी 24 तासांच्या लघवीतील कॅल्शियम मोजावे लागते.

म्हणून पॅराथायरॉइडच्या खऱ्या आजाराचे निदान होते ते इतर कारणे एकेक करून बाजूला सारल्यावरच. ड जीवनसत्त्व 30 नॅनोग्रॅमच्या वर आणून काही महिन्यांनी पीटीएच पुन्हा तपासतात. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम पाहतात. मानसिक आजारावरचे लिथियम, रक्तदाबावरच्या थायाझाइड गटातील गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणावरची इंजेक्शने यांची चौकशी करतात. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक आजार ध्यानात ठेवतात. एकूण कॅल्शियमबरोबर आयनरूप कॅल्शियमही नॉर्मल असावे लागते आणि 3 ते 6 महिन्यांत किमान दोनदा पीटीएच वाढलेले दिसावे लागते. ड जीवनसत्त्व भरून काढताना कॅल्शियमवर लक्ष ठेवणे आवश्यक आहे, कारण काहींच्या बाबतीत ते मर्यादेबाहेर जाते आणि तोपर्यंत झाकलेला आजार उघड होतो. 60,000 युनिटची पुडी दुकानातून आणून मनानेच महिनोन्महिने घेणे त्यासाठीच धोक्याचे आहे.

स्कॅनचा उपयोग निदानासाठी नसतो. निदान पक्के होऊन शस्त्रक्रिया ठरली, की कोणती ग्रंथी काढायची हे शोधण्यासाठी तो असतो. नॉर्मल कॅल्शियमच्या या प्रकारात ग्रंथी लहान असतात, एकाहून अधिक ग्रंथी बिघडलेल्या असू शकतात आणि स्कॅनमध्ये पुष्कळदा काहीच दिसत नाही. हाडे ठिसूळ झाली असतील, फ्रॅक्चर झाले असेल किंवा खडे पुन्हा पुन्हा होत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. इतरांसाठी दरवर्षी कॅल्शियम आणि पीटीएच, तर एक-दोन वर्षांनी हाडांच्या घनतेची तपासणी पुरते. कंबर आणि खुब्याबरोबर मनगटाजवळच्या हाडाचीही घनता मोजायला सांगावे, कारण पीटीएचमुळे झीज होते ती प्रामुख्याने हाडाच्या टणक बाह्य थराची, आणि हाताच्या त्या भागात हाच थर सर्वाधिक असतो.