अनुभव वाढतो, कौशल्य वाढतंच असं नाही: समुपदेशकाने स्वतःचं सेशन कसं तपासावं

‘२० वर्षांचा अनुभव’ असं वाचलं की आपण निर्धास्त होतो. समुपदेशनाच्या बाबतीत मात्र हा विश्वास आकडेवारीवर टिकत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७० थेरपिस्ट आणि त्यांचे साडेसहा हजारांहून अधिक क्लायंट यांच्या नोंदी तपासल्या होत्या. काही थेरपिस्टच्या नोंदी तर तब्बल १८ वर्षांच्या होत्या. अनुभव वाढत गेला तसे क्लायंटला होणारे फायदे वाढले का? सरासरीने नाही. उलट ते अगदी किंचित घटले. काही थेरपिस्ट सुधारलेही, पण निव्वळ वर्षं उलटल्यामुळे सगळे सुधारत नाहीत.

स्वतःबद्दलचा अंदाजही फार उपयोगाचा नाही. २०१२ साली मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना विचारलं गेलं, की सहकाऱ्यांच्या तुलनेत तुमचं कौशल्य किती? सरासरी उत्तर आलं ८० वं शतमक, म्हणजे ‘शंभरातल्या ऐंशी जणांहून मी चांगला.’ सरासरीपेक्षा कमी असल्याचं एकानेही सांगितलं नाही. याला अहंकार म्हणून सोडून देऊ नये. या कामात आपलं चुकलं ही खबर कर्त्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्याला फायदा होत नाही तो क्लायंट पुढच्या वेळी येत नाही, आणि का आला नाही हे कळवतही नाही. जो येतो तो निघताना ‘बरं वाटलं’ म्हणतो, कारण समोरच्या भल्या माणसाला दुखवणं त्याला नको असतं. २००५ च्या एका अभ्यासात ५५० क्लायंटपैकी कोणाची स्थिती बिघडेल हे थेरपिस्टना आधीच सांगायचं होतं. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. थेरपिस्टनी नावं घेतली फक्त तिघांची, आणि त्यातला एकच अंदाज खरा ठरला.

म्हणून आठवणीवर विसंबायचं नाही, रेकॉर्डिंग ऐकायचं. कल्पना जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात सेशनचं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि १९४२ मध्ये एका संपूर्ण केसचं शब्दशः लेखन छापलं. तोपर्यंत बंद खोलीत काय घडतं याचा पुरावा बहुतेक वेळा थेरपिस्टच्या नोंदी एवढाच होता, आणि नोंदीत थेरपिस्ट नेहमीच प्रत्यक्षापेक्षा नीटनेटका बोलतो.

आधी संमती. ती लेखी हवी. रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार, कधी पुसणार हे त्यात स्पष्ट हवं, आणि ‘नाही म्हटलंत तरी सेशन तसंच चालेल’ हे वाक्यही हवं. क्लायंट रडत असताना किंवा पहिल्याच भेटीच्या घाईत सही मागू नये. फाइल पासवर्डने कुलूपबंद ठेवावी. रोजच्या वापराच्या फोनवर, जिथून ती आपोआप क्लाउडवर चढते, तिथे तर नकोच.

आता माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं काम: वीस मिनिटांचं कोडिंग, म्हणजे बोलण्याला वाक्यागणिक खुणा देणं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या, क्लायंटच्याच बोलण्यातून बदलाची इच्छा जागी करणाऱ्या पद्धतीत ते सर्वाधिक नेटकेपणाने घडवलं गेलं आहे. सेशनमधला सलग २० मिनिटांचा तुकडा निवडायचा, तोही चिठ्ठी टाकून. आपण निवडला तर हमखास आवडता भाग उचलतो. तो शब्दशः लिहून काढायचा. यातच दीड-दोन तास जातात, पण निम्मं शिकणं इथेच होतं. मग समुपदेशकाच्या प्रत्येक बोलण्याला एक खूण द्यायची: प्रश्न, साधं रिफ्लेक्शन, सखोल रिफ्लेक्शन, माहिती, सल्ला.

रिफ्लेक्शन म्हणजे क्लायंटचं म्हणणं विधानाच्या रूपात त्याच्यासमोर ठेवणं. समजा क्लायंट म्हणाला, “कामावरून घरी आलं की कुणाशी बोलावंसंच वाटत नाही. बायको म्हणते, तू बदललास.” यावर “हे किती दिवसांपासून होतंय?” हा प्रश्न. “घरी आल्यावर बोलणं नकोसं होतं” हे साधं रिफ्लेक्शन. त्याचंच म्हणणं, जवळपास त्याच्याच शब्दांत. “तुम्ही थकलेले असता, तिला तो दुरावा वाटतो, आणि हे तुम्हाला लागतंय” हे सखोल. न बोललेला अर्थ त्यात पुढे आला. “रोज अर्धा तास तिच्यासाठी ठेवा” हा सल्ला.

फरक परिणामात दिसतो. प्रश्नाला क्लायंट उत्तर देतो आणि थांबतो, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. असे पाच-सहा प्रश्न ओळीने आले की तो चौकशीला बसल्यासारखा होतो, आणि विचार करायची जबाबदारी पूर्णपणे समुपदेशकाकडे जाते. रिफ्लेक्शन ऐकल्यावर मात्र त्याला ते स्वतःशी ताडून पाहावं लागतं: ‘हो, लागतंय’ किंवा ‘नाही, लागत नाही, राग येतो.’ चुकलेलं रिफ्लेक्शनसुद्धा काम करतं, कारण दुरुस्त करताना तो अधिक नेमकं बोलतो. यात आवाजाचा वाटा मोठा आहे. “तुम्हाला राग आला” हे वाक्य शेवटी सूर खाली आणून म्हटलं तर रिफ्लेक्शन, वर नेलं तर प्रश्न. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून लिहून झाल्यावर पुन्हा ऐकून मगच खूण करायची.

मग मोजणी. एका रिफ्लेक्शनमागे एक प्रश्न ही समाधानकारक पातळी धरतात, दोन रिफ्लेक्शनमागे एक प्रश्न ही चांगली. एकूण रिफ्लेक्शनपैकी सखोल किमान ४० टक्के, चांगल्या कामात ५० टक्के. २० मिनिटांत २४ प्रश्न आणि ८ रिफ्लेक्शन निघाली, तर आपण ऐकत होतो की फॉर्म भरत होतो, हे आकडाच सांगतो. हे उंबरठे तज्ज्ञांच्या मतावर ठरलेले आहेत, त्यांना परीक्षेच्या गुणांसारखं पूजू नये. गुणोत्तर गाठण्यासाठी पोपटपंची करणारेही असतात. दर वाक्याला “म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं” असं ऐकून क्लायंट वैतागतो.

आणखी एक रकाना जरूर आखावा: प्रत्येक बोलण्यानंतर क्लायंट खोल गेला, तिथेच राहिला, की मागे सरला? सवयी इथे उघड्या पडतात. क्लायंटचा कंठ दाटतो आणि पुढचं वाक्य “औषधं वेळेवर घेताय ना?” असं येतं. एकदा आलं तर योगायोग. तीन टेपमध्ये तिथेच येत असेल तर समुपदेशकालाच रडणं सोसत नाही, तो माहितीच्या प्रश्नाआड जातो. स्वतःच्या टेपला आपण झुकतं माप देतो, म्हणून तोच तुकडा एका सहकाऱ्याने स्वतंत्रपणे कोड करावा आणि चर्चा त्यानंतरच व्हावी. खुणा जिथे जुळत नाहीत त्या जागी सर्वांत जास्त शिकायला मिळतं.

हे मोजमाप सगळ्या पद्धतींना लावू नये. कॉग्निटिव्ह थेरपी म्हणजे त्रासदायक विचार तपासून बदलण्याची पद्धत. तिच्यासाठी यंग आणि बेक यांची १९८० ची मापनश्रेणी आहे: ११ बाबी, प्रत्येकी ० ते ६ गुण, एकूण ६६ पैकी ४० ही सक्षमतेची रूढ रेषा. तिथे सेशनचा अजेंडा ठरला का, गृहपाठ तपासला का, हेही मोजलं जातं.

दोन दिवसांची कार्यशाळा आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र यांचा बाजार सध्या जोरात आहे, त्याबद्दलही बोललं पाहिजे. २००१ च्या एका छोट्या अभ्यासात कार्यशाळेनंतर समुपदेशकांनी आपण खूप बदलल्याचं लिहून दिलं. टेपवर बदल माफक होता, क्लायंटच्या प्रतिसादात तर फरक पडलाच नाही. कौशल्य टिकतं ते नंतर टेपवर अभिप्राय आणि प्रशिक्षकाकडून सराव मिळाला तर. ‘एका सेशनमध्ये मनातली गाठ मुळापासून’ असं छापणाऱ्याकडे मोजणीचा एकही कागद नसतो.

टेप कौशल्य दाखवते, क्लायंट सुधारतोय का ते दाखवत नाही. त्यासाठी दर सेशनला छोटी प्रश्नावली. ओआरएस (आउटकम रेटिंग स्केल) या क्लायंटची स्थिती मोजणाऱ्या प्रश्नावलीत १० सेंटिमीटरच्या चार रेघा असतात. क्लायंट खूण करतो, आपण पट्टीने मोजतो. एकूण ४०, आणि प्रौढांसाठी २५ च्या खाली म्हणजे त्रास लक्षणीय. सेशनच्या शेवटी एसआरएस (सेशन रेटिंग स्केल): तशाच चार रेघा, पण विषय आपलं नातं आणि आजचं काम. ३६ किंवा कमी आले तर तिथेच विचारायचं, म्हणून तो कागद शेवटची पाच मिनिटं हातात असतानाच द्यावा. दर वेळी ४० पैकी ४० येत असतील तर खूश होऊ नये, क्लायंट भिडस्त आहे असं समजावं. “आज कसं वाटलं?” याऐवजी “आज कोणती एक गोष्ट वेगळी हवी होती?” असं विचारलं की तोंड उघडतं.

गुण बदलले म्हणजे माणूस बदलला असंही नाही. लोक सर्वांत वाईट दिवसांत मदत मागतात, त्यामुळे थोडी सुधारणा आपसूकही दिसते. शिवाय प्रत्येक मापात चूक असते. बदल या चुकीपेक्षा मोठा आहे का हे ठरवायला जेकबसन आणि ट्रूअक्स या संशोधकांनी १९९१ मध्ये सूत्र मांडलं. समजा एका श्रेणीचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात) ७.५ आणि विश्वसनीयता (माप किती सातत्याने तेच उत्तर देतं, कमाल १) ०.८. मग मोजमापाची चूक ७.५ गुणिले ०.२ चं वर्गमूळ, म्हणजे ३.३५. दोन मोजमापांतल्या फरकासाठी ती २ च्या वर्गमूळाने गुणली की ४.७४, आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणली की ९.३. अशा श्रेणीवर ६ गुणांचा फरक ही निव्वळ मापातली थरथरही असू शकते. १० गुणांचा फरक पडला तर बदल खरा मानायला आधार आहे.

तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत ओआरएसचा आकडा हलला नाही किंवा खाली गेला, तर ती केस सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकासोबत आपलं काम तपासण्याच्या बैठकीत, पहिली घ्यावी. जाताना केसचा सारांश नेऊ नये. तीन मिनिटांचा तुकडा, त्याचं शब्दशः लेखन, गुणांचा आलेख आणि एकच प्रश्न न्यावा: ‘इथे क्लायंट मागे सरला, मी काय म्हणू शकलो असतो?’ मग टेप त्या जागी थांबवून उत्तर मोठ्याने म्हणायचं, सुपरव्हायझरचं ऐकायचं, आणि सूर खाली येईपर्यंत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं.