जुन्या हेवीवेट आव्हानवीरांची पत ठरवायची कशी?

हेवीवेट मुष्टियुद्धात जगज्जेत्यांवरचे वाद लवकर थंडावतात. अली, जो लुई, मार्सियानो यांची जागा बऱ्यापैकी ठरलेली आहे. खरी खडाजंगी होते ती त्यांच्याशी लढलेल्या, किंवा लढायलाच न मिळालेल्या, आव्हानवीरांवरून. अली-फ्रेझरच्या काळातला जेरी क्वारी दुसऱ्या काळात जन्मला असता तर जगज्जेता झाला असता का? झोरा फॉली खरंच दर्जेदार होता की आसपास कोणी नव्हतं म्हणून वर आला? एक जण क्वारीचे ५३ विजय, ९ पराभव, ४ बरोबरी असे आकडे पुढे करतो, दुसरा चित्रफीत दाखवतो. दोन्ही पुरावे अपुरे, कारण आव्हानवीराचं रेकॉर्ड जितकं त्याच्या ठोशांनी घडतं तितकंच लढती जुळवणाऱ्यांच्या हिशेबाने. आणि हा हिशेब दर काळात वेगळा होता.

सुरुवातीच्या काळात तर निकालच नसायचे. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ या काळात लागू असलेल्या फ्रॉली कायद्यानुसार लढत जास्तीत जास्त दहा फेऱ्यांची, आणि दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर विजेता जाहीर करायचा नाही. पैजा मात्र लागलेल्याच असायच्या. त्या दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातल्या बातमीदाराच्या मतावर चुकत्या व्हायच्या, आणि तीन वृत्तपत्रांची तीन मतं असली तर भांडणं. १९२० च्या वॉकर कायद्याने न्यूयॉर्कमध्ये पंधरा फेऱ्या आणि पंचांचा अधिकृत निकाल आला, तरी शेजारच्या न्यू जर्सीत जुनी पद्धत पुढेही चालू राहिली. जुन्या रेकॉर्ड पुस्तकांत अशा लढती ‘निकाल नाही’ म्हणून पडून आहेत; आजच्या संकेतस्थळांवर वृत्तपत्रांचे कौल वेगळ्या खुणेने दाखवतात. एकाच मुष्टियोद्ध्याच्या विजयांचा आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसतो तो यामुळे. त्या काळाबद्दल बोलताना आकडा कोणत्या पद्धतीने मोजला आहे हे आधी विचारावं.

त्यात वर्णभेद. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा कृष्णवर्णीय सॅम लँगफर्ड उंचीने ५ फूट ७ इंचांच्या आसपास. १९०६ मध्ये तो जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढून हरला, तेव्हा त्याचं वजन जॉन्सनपेक्षा बरंच कमी होतं. १९०८ मध्ये जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला, पण त्यानेही लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. विजेतेपद पणाला लावून तो एकाच कृष्णवर्णीयाशी लढला, तो बॅटलिंग जिम जॉन्सन, १९१३ मध्ये पॅरिसला. दारं बंद असलेले हे लोक मग आपापसांतच लढत राहिले. लँगफर्ड आणि दुसरा कृष्णवर्णीय आव्हानवीर हॅरी विल्स एकमेकांसमोर किमान सतरा वेळा आले. या मालिकेत विल्सचं पारडं जड दिसतं, पण तारखा पाहिल्या तर उत्तरार्धातला लँगफर्ड एका डोळ्याने अधू झालेला होता. नुसती बेरीज केली तर हे निसटतं.

विल्सची गोष्ट आणखी वेगळी. १९२० च्या दशकात तो जगज्जेत्या जॅक डेम्प्सीचा पहिल्या क्रमांकाचा दावेदार होता आणि न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाने त्याच्या नावाचा आग्रह धरला होता. करारावर सह्या झाल्या, लढत झाली नाही. जॉन्सन आणि गोरा माजी जगज्जेता जेफ्रीज यांची १९१० ची लढत डेम्प्सीच्या लढती भरवणाऱ्या टेक्स रिकर्डनेच भरवली होती आणि तिच्यानंतर अमेरिकाभर वांशिक दंगली झाल्या होत्या. त्याला ते पुन्हा नको होतं. शेवटी १९२६ मध्ये डेम्प्सी जीन टनीशी लढला तो न्यूयॉर्क सोडून फिलाडेल्फियात. विल्सने १९२४ मध्ये लुईस फिर्पोला खाली पाडून बारा फेऱ्या वर्चस्व राखलं, पण लढत न्यू जर्सीत, म्हणजे पुन्हा अधिकृत निकाल नाही. पुढे शार्की आणि उझकुदुन यांनी त्याला हरवलं तेव्हा त्याची पस्तिशी उलटली होती. ‘शार्कीकडून हरलेला विल्स’ हा पुरावा म्हणून कोणी देत असेल तर तो बाजूला ठेवावा.

क्रमवारी हे दुसरं प्रकरण. नॅट फ्लायशरने १९२२ मध्ये सुरू केलेल्या ‘द रिंग’ मासिकाने १९२५ पासून वार्षिक क्रमवारी छापली, आणि पहिली क्रमवारी कोणी लावली? त्याच रिकर्डने. लढती भरवणाराच क्रमांक ठरवणार, ही खोड पुढे कधीच पूर्ण गेली नाही.

डिसेंबर १९४० पासून जो लुईने जवळपास दर महिन्याला विजेतेपद पणाला लावलं, तेव्हा पत्रकारांनी त्या प्रतिस्पर्ध्यांना सरसकट ‘महिन्याचा भिकार गडी’ ठरवलं. ही थट्टा आजही पुरावा म्हणून फिरते. नावं एकेक करून घेतली तर चित्र बदलतं. गस डोराझिओ किंवा टोनी मुस्टो यांच्याबद्दल वाद नको. पण एब सायमन अडीचशे पौंडांचा होता, आणि साडेसहा फुटी बडी बेअरने मे १९४१ मध्ये पहिल्याच फेरीत लुईला दोरांबाहेर फेकलं होतं. पुढच्याच महिन्यात बिली कॉन. बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे, तिसरीवर बरोबरी. तेराव्या फेरीत तो नॉकआउट झाला. आजच्या बारा फेऱ्यांत तो जिंकला असता, असं हमखास म्हटलं जातं. हा युक्तिवाद कच्चा आहे. लढत बाराचीच आहे हे लुईलाही माहीत असतं आणि त्याने घाई आधीच केली असती. हेवीवेट विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारावर आल्या त्या १९८२ नंतर, दक्षिण कोरियाच्या किम दुक-कूच्या मृत्यूनंतर, आणि त्याही सर्व संघटनांमध्ये एकदम नाही.

पन्नाशीच्या दशकात एडी माचेन आणि झोरा फॉली यांचं नुकसान संधी हुकल्याने झालं. लढती भरवण्यात जेम्स नॉरिसच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबची मक्तेदारी होती आणि जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनचा व्यवस्थापक कस डामाटो त्या गटाशी संबंध ठेवायला तयार नव्हता. भूमिका तत्त्वाची होती, सोयीचीही होती. पॅटरसन लढला कोणाशी? ऑगस्ट १९५७ मध्ये पीट राडेमाकरशी, ज्याची ती व्यावसायिक कारकिर्दीतली पहिलीच लढत. मग रॉय हॅरिस, मग ब्रायन लंडन. तोवर माचेन आणि फॉली एप्रिल १९५८ मध्ये एकमेकांशी बरोबरीत सुटले आणि दोघांचंही घोडं अडलं. सप्टेंबरमध्ये गोथेनबर्गला स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने माचेनला पहिल्याच फेरीत झोपवलं, ऑक्टोबरमध्ये फॉली लंडनला हेन्री कूपरकडून गुणांवर हरला. माचेनला हरवल्याच्या जोरावर योहान्सनला संधी मिळाली आणि जून १९५९ मध्ये तो जगज्जेता झाला. ‘माचेन पहिल्या फेरीत गेला’ हे वाक्य मग कायमचं चिकटलं. पण हाच माचेन १९६० मध्ये पुढे जगज्जेता झालेल्या, ऐन भरातल्या सनी लिस्टनसमोर बाराच्या बारा फेऱ्या उभा राहिला. त्याच वर्षी लिस्टनने फॉलीला तिसऱ्या फेरीत बाद केलं. फॉलीला विजेतेपदाची संधी मिळाली ती मार्च १९६७ मध्ये, अलीविरुद्ध, उमेद ओसरल्यावर.

नाव तेच पण माणूस तो नाही, याचं सर्वांत ठळक उदाहरण क्लीव्हलंड विल्यम्स. १९५९-६० मध्ये लिस्टनशी दोनदा भिडणारा हा जबरदस्त ठोसेबाज. नोव्हेंबर १९६४ मध्ये टेक्सासच्या पोलिसाची गोळी त्याच्या पोटात गेली, एक मूत्रपिंड काढावं लागलं. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये अलीने त्याला तीन फेऱ्यांत उडवलं. अलीची ही सर्वोत्तम कामगिरी म्हणून दाखवतात. पदलालित्य अप्रतिम आहेच, पण त्यावरून १९५९ च्या विल्यम्सबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

चित्रफितींवरही आंधळा विश्वास नको. १९१२ ते १९४० या काळात मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं अमेरिकेत बेकायदा होतं, त्यामुळे कितीतरी लढतींचं चित्रण अपुरं आहे. मूकपट काळातल्या फिती आजच्या वेगाने चालवल्या की हालचाली झटक्याझटक्याने होताना दिसतात आणि माणूस अडाणी वाटतो. १९६७ मध्ये मरी वोरोनरने रेडिओसाठी संगणकावर सर्वकालीन हेवीवेट स्पर्धा खेळवली, मार्सियानो जिंकला, आणि जेफ्रीजकडून हरवल्याबद्दल अलीने दावा ठोकला. संगणकात आकडे भरले होते माणसांनीच.

छापील रेकॉर्डही खोटं असू शकतं. १९७७ मध्ये एबीसी वाहिनी आणि लढती भरवणारा डॉन किंग यांनी अमेरिकी विजेतेपदाची स्पर्धा सुरू केली, निवडीचा आधार ‘द रिंग’ची क्रमवारी. काही जणांच्या खात्यात कधी न झालेल्या लढतींतले विजय जमा केल्याचं उघड झालं आणि एप्रिलमध्ये वाहिनीने स्पर्धा गुंडाळली. २००० मध्ये सुरू झालेल्या बॉक्सरेक या रेकॉर्डच्या संकेतस्थळामुळे पडताळणी सोपी झाली, कारण आता प्रतिस्पर्ध्याच्या नावावर टिचकी मारली की त्याचंही रेकॉर्ड उघडतं. पाहायचं ते हे: त्या दिवशी त्याचं वय काय, आधीच्या तीन लढतींत काय झालं, मध्ये किती महिन्यांची गॅप, वजन किती वाढलं, लढत कोणाच्या गावात. जिमी यंगविरुद्ध १९७६ मध्ये अली २३० पौंडांचा होता, तोवरच्या कारकिर्दीतला सर्वांत जड. यंगला त्या लढतीचं श्रेय देताना हे लक्षात ठेवावं. पण यंगने पुढच्या वर्षी सान हुआनला माजी जगज्जेत्या जॉर्ज फोरमनला बाराव्या फेरीत खाली पाडून गुणांवर हरवलं, तेही ठेवावं.

सत्तरच्या दशकात साधी गणितं चालत नाहीत. रॉन लाइलने अर्नी शेव्हर्सला हरवलं, शेव्हर्सने नवख्या यंगला, आणि यंगने लाइलला, तेही दोनदा. तिघांत श्रेष्ठ कोण? केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, पण फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत, शेव्हर्सने एका फेरीत संपवलं. मागे न सरणाऱ्या ठोसेबाजांपुढे तो नेहमीच अडचणीत यायचा. शैली जुळण्याचा हा भाग आकड्यांत येत नाही.

आणि क्वारी. त्याचे नऊ पराभव मोजून पाहण्यासारखे आहेत: माचेन, जिमी एलिस, जो फ्रेझर दोनदा, अली दोनदा, कॅनडाचा जॉर्ज चुवालो, नॉर्टन आणि १९९२ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी सहा फेऱ्यांच्या लढतीत रॉन क्रॅनमर. शेवटचा हिशेबात धरूच नये. चुवालोविरुद्ध गुडघ्यावर बसून मोजणी ऐकताना त्याचा अंदाज चुकला आणि दहा झाल्यावर तो उठला. अलीविरुद्धची पहिली लढत भुवईच्या जखमेमुळे थांबली. लवकर फाटणारी कातडी हा त्याचा खरा दोष. वजन १९५ ते २०० पौंड, म्हणजे आजच्या क्रूझरवेट या हेवीवेटपेक्षा हलक्या गटाच्या मर्यादेत. दुसरीकडे १९७० मध्ये चोवीसपैकी चोवीस लढती नॉकआउटने जिंकलेला मॅक फॉस्टर त्याने सहाव्या फेरीत पाडला, १९७३ च्या फेब्रुवारीत अपराजित लाइलला बारा फेऱ्या शिकवलं आणि डिसेंबरमध्ये शेव्हर्सला पहिल्याच फेरीत संपवलं. त्याच वर्षी जगज्जेता फोरमन टोकियोत होसे रोमानशी लढत होता. वाद घालायचा तर त्या डिसेंबरमधल्या क्वारीवर घालावा. फोरमनला तो हरवू शकला असता असं वाटत नाही, पण पुढच्या मार्चमध्ये काराकासला नॉर्टन टिकला त्यापेक्षा जास्त टिकला असता, आणि रोमानपेक्षा तर नक्कीच.